बारा व्होल्टचा वाद

मे महिन्यात लग्नासाठी आम्ही नऊ दिवस नांदेडला होतो. वाशिमहून रेल्वेनं गेलो, रेल्वेनंच परत आलो. गाडी मालेगावला घरासमोर कडुनिंबाखाली उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला जायला निघालो, तर किल्लीचं बटण दाबूनही दार उघडेना. किल्लीच्या पोटातली लोखंडी चावी काढून दार उघडलं, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. समोरचे दिवे मंद पेटले, लुकलुकले, आतून रिलेची टकटक ऐकू आली आणि सगळं विझलं. 'रेडी' हा हिरवा शब्द काही उमटला नाही.

गाडी हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिन, विजेची मोटर, डिकीकडे बसवलेली मोठी बॅटरी. घेऊन तीन वर्षं झाली. मदतीच्या नंबरवर फोन लावला, तर 'मालेगाव' ऐकताच पलीकडच्या बाईंनी नाशिक जिल्हा धरला. वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव, मालेगाव जहांगीर, अकोला-वाशिम रस्त्यावरचं, असं तीनदा सांगितलं. (आमच्या गावच्या माणसाला हे आयुष्यभर सांगावं लागतं.) शेवटी उत्तर मिळालं की गाडी उद्या उचलून नेऊ, हायब्रिड यंत्रणेतला बिघाड दिसतो, मोठ्या बॅटरीचं काम निघू शकतं. गाडी कोणी पाहिलीही नव्हती. माझ्या पोटात गोळा आला.

दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, याच रस्त्यावर बॅटरीचं दुकान आहे. तीसेक वर्षं तो ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, जीपच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावतो, तपासतो, विकतो. त्याला बोलावलं. माझी लेक चाकणला गाड्यांच्या कारखान्यात विजेच्या विभागात इंजिनिअर आहे, ती सुट्टीवर घरी होती. त्यामुळे अंगणात पुढचे दोन दिवस जो वाद झाला, त्याला दोन्हीकडून जाणती माणसं होती. मी मधे उभा राहून ऐकत होतो.

दादानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हात मागे बांधले.

"मी याले हात लावणार नाई," तो म्हणाला. "डिकीत दीड-दोनशे व्होल्ट भरून हाय. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पान्हा पडला त ठिणगी उडते. इथं माणूस उडते."

"मोठेबाबा, ते व्होल्ट आत्ता कोंडलेले आहेत," लेक म्हणाली. "गाडी बंद असली की मोठ्या बॅटरीचे रिले सुटलेले असतात. ते जोडायला छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा जोर लागतो. कोठीत धान्य भरलेलं आहे, कुलपाची किल्ली तेवढी हरवली आहे. आणि धोक्याच्या सगळ्या तारा नारिंगी आवरणाच्या असतात. त्यांना तुम्हीही हात लावायचा नाही, मीही नाही. आपलं काम काळ्या आणि लाल तारेशी."

"म्हंजे याच्यात बारा व्होल्टची बॅटरी बी हाय?"

"आहेच. दिवे, कुलपं, संगणक सगळं तिच्यावर. इंजिन तेवढं तिच्यावर नाही. या गाडीत सेलच नाही."

दादा थांबला. तीस वर्षं ज्यानं सेलचा आवाज ऐकून बॅटरीची तब्येत सांगितली, त्याला ही गोष्ट पटायला वेळ लागला. "सेल नाई? मंग इंजिन फिरवते कोण?"

"मोठी मोटर, मोठ्या बॅटरीच्या जोरावर. छोटीचं काम फक्त सकाळी संगणकांना जागं करायचं आणि मोठीचं दार उघडायचं. ते झालं की मोठी बॅटरीच कन्व्हर्टरमधून छोटीला चार्ज करते. डायनामोसुद्धा नाही."

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ट्रॅक्टरची बॅटरी मरायच्या आधी आठ-पंधरा दिवस सांगते. सेल कुथते, पहिल्या झटक्यात उचलत नाई. शेतकरी म्हणते, भाऊ, जरा पाहून घे. ही त कुथल्याबिगरच मरते."

पूर्ण हायब्रिड गाडीच्या छोट्या बॅटरीबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही. सेल मारायला शेकडो अँपिअर लागतात. संगणक जागे करायला त्याच्या मानानं चिमूटभर प्रवाह पुरतो. म्हणून अर्धी मेलेली बॅटरीही रोज सकाळी काम भागवते, आणि एका दिवशी कुठलीच सूचना न देता उघड्यावर सोडते. समोर मात्र ब्रेकपासून स्टिअरिंगपर्यंतचे सगळे इशारे एकदम पेटतात, आणि माणसाला वाटतं की मोठं काहीतरी गेलं.

पहिली अडचण ही की छोटी बॅटरीही डिकीच्या तळाशी, आणि डिकी उघडते विजेवर. बॅटरी मेली तर तिच्यापर्यंत पोचायचं कसं? लेकीनं बॉनेट उघडलं. फ्यूजच्या पेटीत लाल झाकणाखाली एक टोक दिलेलं होतं. दादाच्या दुकानातली चार्ज केलेली बॅटरी आणली, लाल तार त्या टोकाला आणि काळी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. तारा जोडायच्या आधी दादानं त्या दोनदा पाहिल्या आणि तिलाही पाहायला लावल्या. उलट्या लागल्या तर फ्यूज तर जातोच, कन्व्हर्टरही जाऊ शकतो. बटण दाबलं. हिरवा 'रेडी' उमटला. इंजिनाचा आवाजसुद्धा नाही.

डिकी उघडली, तळ उचलला, बाहेरची बॅटरी सोडवली. दादानं आता न विचारता मीटर लावला. १४.२ व्होल्ट.

"चार्जिंग होऊन राह्यली," तो म्हणाला. "तुहा कन्व्हर्टर चांगला हाय."

एका आकड्यात सर्वांत महाग संशय गेला. मोठी बॅटरी धड होती, कन्व्हर्टर धड होता. गाडी बंद करून पुन्हा मोजलं, तर आकडा अकराच्याही खाली उतरला. शिशाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं असतात, प्रत्येकात दोनच्या थोडं वर. भरलेली आणि रात्रभर शांत ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी.

इथून खरा वाद सुरू झाला.

"बदलून टाक," दादा म्हणाला. "तीन वर्षं झाली. आपल्याकडचा उन्हाळा बॅटरी खाते. अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते. इथं तरी काय कमी हाय? बंद गाडीच्या डिकीत किती होत असन, इचार कर."

"उन्हाबद्दल तुमचं खरं आहे. दहा अंश वाढले की बॅटरीचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. पण नऊ दिवसांत ती इतकी रिकामी का झाली? नवी घालून तीही अशीच झोपली तर?"

"बेटा, गिऱ्हाईक दारात उभं असते. त्याले कारण नाई पाह्यजे, गाडी पाह्यजे."

"आज गिऱ्हाईक बाबा आहेत. त्यांना कारणही पाहिजे."

मला पाहिजेच होतं. दादाची घाई मी समजू शकतो. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडलेल्या माणसाला निदान ऐकवत बसता येत नाही. मृग लागला की सोयाबीनवाला तास मोजतो. पण त्याच सवयीनं माणूस बॅटरीमागून बॅटरी बदलत राहतो आणि चोर घरातच राहतो.

लेकीनं पकडीचा मीटर काढला, जो तार न तोडता तिच्यातला प्रवाह मोजतो. डिकीचं कुलूप पेचकसानं फिरवून ठेवलं, म्हणजे गाडीला वाटावं की डिकी लागली. किल्ली घरात नेऊन ठेवली, कारण ती जवळ असली तर संगणक झोपत नाहीत. मग अर्धा तास काहीच करायचं नाही. दादाला ही थांबण्याची पद्धत आवडली नाही, पण चहा आला आणि तो बसला.

अर्ध्या तासानं आकडा आला ०.३४ अँपिअर. एक-एक फ्यूज काढत गेली. समोरच्या काचेवर मी मागच्या वर्षी बसवून घेतलेल्या कॅमेऱ्याचा फ्यूज निघाला आणि आकडा ०.०३ वर उतरला.

तो कॅमेरा ज्या दुकानात बसवला, तिथल्या पोरानं तो अशा तारेला जोडला होता जी गाडी बंद असतानाही जिवंत असते. हिशेब सोपा आहे. ०.३ अँपिअर गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची, म्हणजे अगदी नवी, पूर्ण भरलेली असती तरी सहा दिवसांत संपली असती. कॅमेरा नसता तर तीच बॅटरी दोन महिने तगली असती, कागदावर तरी. मी रोज शाळेत जातो ते दोन किलोमीटर. तेवढ्यात रात्रभराचा उपसा भरून निघत नव्हता, म्हणजे वर्षभर ती बॅटरी अर्धपोटी जगत होती. शिशाची बॅटरी अर्धपोटी राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर कडक होत जातो, आणि तो पुन्हा विरघळत नाही.

"म्हणजे बॅटरी निर्दोष," लेक म्हणाली. "रात्रभर चार्ज करू, चालेल."

"निर्दोष असन," दादा म्हणाला, "पण जिवंत नाई."

रात्रभर ती दुकानात चार्जिंगला होती. सकाळी १२.६ दाखवत होती. लेकीचा चेहरा खुलला. दादानं त्याचं जुनं लोड टेस्टर काढलं, दोन दांड्यांचं, ज्याची पट्टी तापून लाल होते. पंधरा सेकंद दाबून धरलं. काटा ९.६ च्या वर राहिला तर बॅटरी पास. काटा सरळ आठवर आला.

"गेली," दादा.

"ही परीक्षा सेलवाल्या गाडीची आहे, मोठेबाबा. माझ्या बॅटरीला दीडशे अँपिअर कधी द्यायचेच नाहीत. धावता येत नाही म्हणून चालता येत नाही असं कसं?"

मला हा मुद्दा बिनतोड वाटला आणि दादालाही लागला असावा, कारण तो चिडला नाही. उठला, कपाटातून ट्रॅक्टरच्या हेडलाइटचे दोन बल्ब काढले, पंचावन्न वॅटचे, आणि तिच्यापुढे ठेवले. "मंग चालूनच पाहू. दोन बल्ब म्हंजे नऊ अँपिअर. नवी बॅटरी चार तास जाळन. तू घड्याळ लाव."

त्या दिवशी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत, भर उन्हात, दोन हेडलाइट जळत होते आणि माझी इंजिनिअर मुलगी दर दहा मिनिटांनी वहीत आकडा लिहीत होती. १२.१. ११.९. ११.६. चाळीस मिनिटांनी बल्ब पिवळे पडले. पन्नासाव्या मिनिटाला मीटर १०.५ वर आला आणि तिनं स्वतःच तार काढली.

"जेमतेम पाचवा हिस्सा उरला आहे," ती म्हणाली. "बदलूया."

दोन्ही परीक्षा वेगळ्या, निकाल एक. पण बल्बच्या परीक्षेत कळलं की उरलंय किती, आणि आदल्या दिवशीच्या मोजणीत कळलं की गेलं कुठे. दादाचं म्हणणं पहिल्या दिवशीच ऐकलं असतं तर बॅटरी बदललीच असती, फक्त पुढच्या वर्षी पुन्हा बदलावी लागली असती. आणि लेकीचंच ऐकलं असतं तर १२.६ चा आकडा पाहून मी समृद्धी महामार्गावर चढलो असतो आणि कुठल्यातरी थांब्यावर चहा पिऊन परतल्यावर तसाच उभा राहिलो असतो. नुसतं व्होल्ट पाहणं म्हणजे विहिरीत डोकावून पाण्याची पातळी पाहणं. विहीर किती रुंद आहे हे त्यावरून कळत नाही.

कोणती बॅटरी घालायची यावर फार वेळ गेला नाही. दादाकडे त्याच मापाची साधी होती, जवळजवळ निम्म्या किमतीत. तिची टर्मिनलंही जाड होती, या गाडीला पातळ लागतात. पण लेकीचं कारण वेगळं होतं. साधी बॅटरी चार्ज होताना वायू सोडते. ती इंजिनाशेजारी असेल तर तो वाऱ्यावर जातो, आपली बॅटरी मात्र माणसं बसतात त्याच पोकळीत आहे. इथं एजीएम लागते, जिच्यात ॲसिड काचेच्या धाग्यांच्या गादीत शोषलेलं असतं आणि वायू निघालाच तर नळीतून गाडीबाहेर जातो. ज्या हायब्रिडमध्ये छोटी बॅटरी बॉनेटखाली आहे, तिथं साधीही चालते. पुस्तिकेत काय लिहिलं आहे ते पाहायचं. दादानं ऐकलं आणि अकोल्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

बॅटरी बसवली दादानं. त्यानंच ठरवलं. आधी बोटातली तांब्याची अंगठी काढून खिशात टाकली, मग मनगटावरचं घड्याळ. दुपट्टा डिकीच्या कुलपाभोवती गुंडाळला, म्हणजे झाकण चुकून लागून बॅटरी आत आणि आपण बाहेर असं व्हायला नको. दहाचा पान्हा घेतला. आधी मायनस सोडलं, त्याचं टोक कापडात गुंडाळून बाजूला वळवलं. मायनस सुटलं की पान्हा प्लसवरून घसरून पत्र्याला लागला तरी ठिणगी नाही. मग प्लस. मग पट्टी. वायूची नळी हळूच ओढून काढली आणि तिच्या तोंडात फुंकून पाहिली की वाट मोकळी आहे का. हे लेकीलाही सुचलं नव्हतं. नवी ठेवली, नळी बसवली, आधी प्लस, शेवटी मायनस. हातानं हलवून पाहिलं. टर्मिनल तसूभरही फिरायला नको.

बटण दाबलं. 'रेडी'. १४.३ व्होल्ट. घड्याळ बारावर गेलं होतं ते लावलं, खिडक्यांच्या काचा एकदा पूर्ण खाली-वर करून आपोआप चढण्याची सवय त्यांना पुन्हा लावली. कॅमेऱ्याची तार किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजला नेली. विसेक मिनिटांचं काम.

"एवढंच?" दादा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद कमी होता. "एवढ्यासाठी म्या दोन वर्षांत तीन गाड्या परत पाठवल्या. समृद्धीवरून उतरून आल्या होत्या. एकात लेकरं होती. मी म्हणलं, हायब्रिड हाय, कंपनीले फोन करा. मले काय माहीत आत माह्याच ओळखीची बॅटरी हाय."

लेक म्हणाली, "पुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं."

"पुस्तिका गाडीवाल्याजवळ असते, अन् तो ते वाचत नाई. माह्याजवळ कोण पाठवते? इंग्रजीत असते ते."

इथं मी दादाच्या बाजूनं आहे, अगदी मनापासून. पहिली प्रियस ही हायब्रिड गाडी जपानात डिसेंबर १९९७ मध्ये विकायला आली. तेव्हा वाशिम जिल्हा झालाही नव्हता. तो १ जुलै १९९८ चा, त्याआधी आमचं मालेगाव अकोला जिल्ह्यात. आपल्याकडे मध्यम किमतीच्या हायब्रिड गाड्या २०२२ पासून रस्त्यावर दिसू लागल्या, आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. गाड्या आल्या, रस्ता आला, पण रस्त्याकडेच्या बॅटरीवाल्याला कोणी दोन तास बसवून सांगितलं नाही की नारिंगी तारेच्या अलीकडे सगळं तुझ्या हातचं आहे. बंद पडणारी बॅटरी तर १८५९ साली गास्ताँ प्लांते यांनी बनवलेल्या शिशाच्या बॅटरीचीच नात आहे. दादानं तशा हजारो हाताळल्या आहेत. लेक म्हणते की अर्धवट माहिती घेऊन कोणी नारिंगी तारेला हात घातला तर जीव जाईल, म्हणून कंपन्या जपून असतात. तिची भीती खोटी नाही. पण सांगितल्यानं हात जपून चालतो, हे मी अंगणात डोळ्यांनी पाहिलं.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्यायची नाही यावर दोघांचं आधीपासून एकमत होतं. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. भंगारात ती घणानं फोडतात, ॲसिड नालीत जातं आणि शिशाची भुकटी तिथंच खेळणाऱ्या लेकरांच्या पोटात. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. दादानं ती अकोल्याच्या व्यापाऱ्याकडे परत पाठवली आणि तिचे पैसे नव्या बॅटरीत वळते झाले.

नव्या बॅटरीवर त्यानं पांढऱ्या रंगानं महिना आणि वर्ष लिहिलं. दर मार्चमध्ये, ऊन चढायच्या आधी, तो ती मोजणार आहे आणि मोजल्याची नोंद तिथंच करणार आहे. लेक चाकणला परत गेली तेव्हा तिचा पकडीचा मीटर दुकानात ठेवून गेली. दुकानाच्या पाटीवर आता खाली दोन ओळी वाढल्या आहेत: 'हायब्रिड गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासून व बदलून मिळेल. नारिंगी तारेला हात लावला जात नाही.'